केबलवाल्यांचं नाव बदललं आणि मराठी चॅनल गेले, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. आमच्या वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात केबल कंपनीने नुकतंच नाव बदललं. नवा लोगो, नवं ॲप, 'तक्रार लगेच सोडवू' असा मेसेजही आला. बरं वाटलं, कारण जुन्या ऑफिसात फोन कोणी उचलायचंच नाही. पण तेव्हापासून आईचे मराठी चॅनल बंद आहेत. पैसे आधीच भरलेत, तरी स्क्रीनवर 'सबस्क्राइब्ड नाही'. ॲप जुना ग्राहक क्रमांक घेत नाही. सेट टॉप बॉक्स बदलावा लागतो का? ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने सुटे चॅनल निवडता येतात, ते कुठे सांगायचे? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, कोणी तक्रार केली आहे का? नव्या लोकांकडून मला खरंच आशा आहे, म्हणून आधी त्यांच्याशीच बोलायचंय. रावपुऱ्यात कोणाचं काम झालं असेल तर कृपया कळवा.