मदत हवी आहे: फ्लोमीटरचा ३२ बिटी टोटलायझर पीएलसीत घेताना मूल्य मध्येच उडते

नमस्कार,

एका फ्लोमीटरची (द्रवाचा प्रवाह मोजणारे उपकरण) दोन मूल्ये पीएलसीत (यंत्रे चालवणारा औद्योगिक नियंत्रक) घ्यायची आहेत. तात्कालिक प्रवाह ३२ बिटी फ्लोटमध्ये (दशांश संख्या) मिळतो आणि एकूण लिटर मोजणारा टोटलायझर ३२ बिटी पूर्णांकात. मॉडबसचे (उपकरणांमधील संवादाचा प्रोटोकॉल) होल्डिंग रजिस्टर (मूल्य ठेवण्याचा कप्पा) १६ बिटांचे असल्यामुळे प्रत्येक मूल्य दोन रजिस्टरांत विभागून येते. मीटर मॉडबस आरटीयूवर (सिरियल तारेवरचा मॉडबस) गेटवेला (दोन्ही बाजूंमधला दुवा) जोडलेला आहे आणि गेटवेकडून पीएलसी मॉडबस टीसीपीने (नेटवर्कवरचा मॉडबस) वाचतो. रजिस्टरच्या पत्त्यातला एकचा फरक (मोजणी ० पासून की १ पासून) आणि रजिस्टरांचा क्रम तपासून झाला आहे; मीटरच्या सिम्युलेशनमध्ये ३२.० दिल्यावर पीएलसीत हेक्स ४२०० ०००० बरोबर दिसते.

अडचण टोटलायझरची आहे. तो अधूनमधून क्षणभर सुमारे ६५ हजारांनी वर किंवा खाली जातो आणि लगेच पूर्ववत होतो. पण तेवढ्यात मात्रा पूर्ण झाली असे समजून प्रोग्राम डोसिंगचा (ठरावीक मात्रा सोडण्याचा) व्हॉल्व्ह बंद करतो. ट्रेंडमध्ये प्रत्येक उडी ६५,५३६ च्या पटीपाशीच दिसते, आणि माझ्या मते कारण तिथेच आहे. ६५,५३५ चे ६५,५३६ होताना वरचे रजिस्टर ० वरून १ वर जाते आणि खालचे ६५,५३५ वरून ० वर येते. एक रजिस्टर जुने आणि दुसरे नवे हाती लागले, तर १,३१,०७१ किंवा थेट शून्य मिळते. फ्लोटमध्येही हे घडत असणार, पण ३१.९९ वरून ३२ वर जाताना चुकीचे मूल्य फार तर ३२.२३ येते आणि ते फिल्टरमध्ये जिरून जाते.

गेटवेत प्रत्येक रजिस्टरसाठी स्वतंत्र विनंती होती. त्याऐवजी फंक्शन ०३ ची (होल्डिंग रजिस्टरे वाचण्याची आज्ञा), दोन्ही रजिस्टरे एकत्र मागणारी एकच विनंती ठेवल्यावर उड्या बऱ्याच कमी झाल्या, मात्र थांबल्या नाहीत. आता संशय पीएलसीवर आहे, कारण कम्युनिकेशन ब्लॉक मुख्य सायकलमध्ये बफर (तात्पुरती मेमरी) भरतो आणि डोसिंगचे गणित १०० मिलिसेकंदांच्या इंटरप्टमध्ये (मुख्य सायकल मध्येच थांबवून ठरावीक वेळाने चालणारा भाग) चालते. बफर अर्धा भरलेला असताना इंटरप्ट आला, तर तेच अर्धे मूल्य वापरले जाईल.

वाचन पूर्ण झाल्याचा डन संकेत आल्यावरच, इंटरप्ट क्षणभर रोखून, दोन्ही १६ बिटी शब्द दुसऱ्या टॅगमध्ये (पीएलसीतील नाव दिलेली मेमरी) कॉपी करावेत आणि इंटरप्टने फक्त तो टॅग वाचावा, असा माझा विचार आहे. एवढे पुरेसे आहे का? की गेटवेच्या अंतर्गत मेमरीतही, आरटीयूकडून नवे मूल्य लिहिले जात असतानाच टीसीपीचे उत्तर गेल्यास, असेच अर्धवट मूल्य मिळू शकते? तसे असेल, तर दोष गेटवेत आहे की पीएलसीत, हे वेगळे कसे ओळखावे? लागोपाठ दोन वाचने जुळल्यावरच मूल्य स्वीकारण्याची पद्धत कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का, विशेषतः प्रवाह सतत चालू असताना?

मोठी उडी आली की ती टाकून द्यावी, हा उपाय मला सुचवला गेला आहे, पण तो पटत नाही. संपर्क तुटून पुन्हा जुळला की टोटलायझर खरोखरच पुढे गेलेला असतो, आणि तेव्हा बरोबर मूल्यही नाकारले जाईल. मीटरमध्ये टोटलायझर गोठवून वाचण्याची सोय नाही, हे लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.