तीन टन पेलेटच्या बॅगा घरात कुठे ठेवाव्यात? (न्यू हॅम्पशायर, अमेरिका)

थंडीचा_पाहुणा:
दिवाणखान्यात पेलेट स्टोव्ह बसवून घेतलाय, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या (पेलेट) जाळणारा. हिवाळ्यासाठी ३ टन मागवतोय: ४० पौंडी बॅगा, एका पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर) ५०, एकूण १५०. जागा तीन आहेत. घराला जोडलेलं गॅरेज, काँक्रीटची जमीन, एक गाडी आत असते. बेसमेंट, तिथे प्रोपेनचा वॉटर हीटर आणि इलेक्ट्रिक पॅनल आहे, शिवाय कोपऱ्यात जुनी कोळशाची खोली, ६ बाय ८ फूट, दार आहे पण खिडकी नाही. तिसरी जागा म्हणजे बाहेर, ड्राइव्हवेच्या कडेला.
सगळा माल कोळशाच्या खोलीत रचून दार लावलं तर सुटसुटीत होईल असं वाटतंय. पण पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो म्हणे. बॅगांमधूनही निघतो का? डिसेंबरात आईबाबा येतायत, दिवसभर घरात तेच असतील, म्हणून आधीच विचारून घेतो.

निखारा:
कोळशाची खोली डोक्यातून काढा. गॅरेज आणि बेसमेंटचा मोकळा भाग, या दोन्ही जागांचं जमवता येईल.

वायू निघतो, आणि त्यासाठी काही जळावं लागत नाही. लाकडातली, विशेषतः पाइनमधली स्निग्धाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी आपोआप संयोग पावतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो आणि खोलीतला ऑक्सिजनही कमी होतो. माल कारखान्यातून नुकता आलेला असताना, पहिले काही आठवडे, हे जास्त होतं. उष्णतेनं आणखी वाढतं. युरोपात यातून मृत्यू झालेत ते सुट्या पेलेटच्या बंद कोठारांत, माणसं आत उतरल्यावर. बॅगांचं प्रमाण त्या मानानं कमी, पण बॅग हवाबंद नसते. भरताना हवा निघून जावी म्हणून तिला बारीक भोकं असतात.

आता तुमच्या खोलीचा हिशोब. छत ८ फूट धरलं तर ३८४ घनफूट. ६००० पौंड पेलेट साधारण १४० घनफूट जागा घेतात. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खोली पेलेटनंच भरली, उरलेली हवा कोंडलेली, आणि बॅग आणायला आत जाणार माणूस. मोकळ्या बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये तोच वायू पसरून विरळ होतो. खोली वापरायचीच असेल तर दार काढून टाका आणि १०-१५ बॅगांच्या वर जाऊ नका.

अलार्म एक साठ्याच्या जागी आणि एक झोपायच्या खोल्यांबाहेर. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका असतो, त्यामुळे अलार्म जमिनीलगत लावायचं कारण नाही. आकडा दाखवणारा घ्या. अमेरिकी मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) अलार्म एक ते चार तासांत वाजतो, त्याखाली गप्पच राहू शकतो. घरात म्हातारी माणसं दिवसभर बसणार असतील तर ३०-४० चा आकडासुद्धा कळायला हवा. ताज्या पेलेटला तेलकट, रंगासारखा वास येतो, तो दुसऱ्या वायूंचा. वास गेला म्हणजे मोनॉक्साइड गेला असं समजू नका, त्याला वासच नसतो.

दोन_बाय_दहा:
वजनाकडे लोक बघतच नाहीत. पॅलेट ४० बाय ४८ इंच, म्हणजे सव्वातेरा चौरस फूट. त्यावर २००० पौंड म्हणजे दर चौरस फुटाला १५० पौंड. घराची लाकडी जमीन सहसा ४० पौंडांच्या हिशोबानं बांधलेली असते. तेव्हा आख्खं पॅलेट फक्त जमिनीवर टाकलेल्या काँक्रीटवर. दिवाणखान्यात तेवढ्याच जागेत ५-५ बॅगांचे दोन थर (३० पौंड) चालतील, तिसरा थर नको. स्टोव्ह तासाला दीड पौंड खात असेल तर एक बॅग साधारण सव्वीस तास पुरते. दहा बॅगा म्हणजे दीड आठवड्याची बेगमी, वर त्याहून जास्त लागतातच कशाला?

इलेक्ट्रिक पॅनलसमोर ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल जागा मोकळी ठेवणं नियमानंच बंधनकारक आहे. वॉटर हीटरला ज्वलनासाठी हवा लागते, त्याच्याभोवती बॅगांची भिंत उभारू नका, चहूबाजूंनी ३ फूट सोडा. स्टोव्हपासूनही किमान तेवढंच, आणि मॅन्युअलमध्ये जास्त लिहिलं असेल तर ते पाळा. स्टोव्हच्या पाठीला "कोमट राहतील" म्हणून दोन बॅगा टेकवून ठेवणारे असतात. तो शुद्ध आगाऊपणा.

बव्हेरियाकर:
इकडे जर्मनीत बॅग १५ किलोची, पॅलेटवर ६५-७०, पण शत्रू तोच: पाणी. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा १० टक्क्यांच्या आत असतो (युरोपातल्या ए१ प्रतीची ती अट आहे, तुमच्याकडे प्रीमियमला ८). पाणी लागलं की पेलेट फुगून परत भुसा होतो. तो भुसा हॉपरमधून (स्टोव्हची पेलेट भरायची पेटी) ऑगरमध्ये (पेलेट आगीकडे ढकलणारा स्क्रू) गेला की आत दाबला जाऊन दगडासारखा बसतो, मग ऑगर उघडून खरवडायची वेळ येते.

गॅरेजमध्ये पाणी छतातून नाही, गाडीखालून येतं. चाकांना चिकटलेला बर्फ आणि मीठ रात्रीत वितळतं आणि उताराकडे वाहतं. जमिनीवर एकदा बादलीभर पाणी ओतून बघा कुठे जातं ते, आणि साठा त्याच्या विरुद्ध बाजूला मांडा. काँक्रीटही खालून ओल ओढतं, म्हणून आधी ६ मिल (इंचाचे सहा हजारांश) जाडीचा प्लॅस्टिक कागद, त्यावर पॅलेट, भिंतीपासून ३-४ इंच अंतर. हातानं रचताना थरागणिक बॅगांची दिशा बदला, विटांसारखी सांधेमोड करा, छातीच्या उंचीवर थांबा. एकावर एक सरळ रचलेली चळत घसरते.

बॅगा आपटू नका. आपटलं की पेलेट मोडतात, तळाशी पीठ साठतं आणि स्टोव्ह काजळी धरतो. शेवटच्या थरांतल्या बॅगा हॉपरमध्ये ओतण्याआधी पाव इंची जाळीवरून घ्या.

थंडीचा_पाहुणा:
सगळ्यांचे आभार. कोळशाची खोली रद्द. मग दोन टन गॅरेजमध्ये, आणि उरलेला एक टन कारखान्याच्या प्लॅस्टिक झाकणासकट बाहेर ठेवला तर?

बव्हेरियाकर:
फार तर सहा-आठ आठवडे, आणि तोच टन आधी संपवायचा. ते झाकण उन्हानं कडक होऊन फाटतं, फोर्कलिफ्टच्या दात्यांनी खालून भोकं पाडलेली असतात, आणि बॅगांना हवेची भोकं असतातच. वरून ताडपत्री टाका, पण जमिनीपर्यंत घट्ट गुंडाळू नका. खालचे ५-६ इंच उघडे राहू द्या, नाहीतर आतल्या आत घाम धरतो.

निखारा:
मी तर बाहेर ठेवूच नका म्हणेन. तुमच्या भागातला, न्यू इंग्लंडमधला, नोव्हेंबरचा पाऊस आडवा येतो. तिसरा टन बेसमेंटच्या मोकळ्या भागात, हीटर आणि पॅनल सोडून. तिथली जमीन काँक्रीटची आहे ना, खात्री करा. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर टांगा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर लावा. फुगलेली, फाटलेली बॅग वाळवून वापरायच्या फंदात पडू नका. बुरशी नसेल तर बागेत आच्छादन म्हणून पसरा, असेल तर सरळ फेका.

दोन_बाय_दहा:
एक राहिलंच. उघडलेली बॅग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओता, २० गॅलनच्या डब्यात दोन बॅगा आरामात बसतात. राखेसाठीही लोक अगदी तसाच डबा आणतात, आणि तिथेच घोळ होतो. राखेतला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो. राखेचा डबा लाल रंगवा, झाकण घट्ट लावा आणि तो घराबाहेर, काँक्रीटवर किंवा मातीवर ठेवा. लाकडी डेकवर नको, गॅरेजमध्ये तर मुळीच नको. सांडलेला भुसा झाडूनं हळू गोळा करा, आणि ज्या व्हॅक्यूमनं राख ओढता तो भुशाला लावू नका.
आईबाबांना ४० पौंडांची बॅग उचलायला लावू नका. दोन छोट्या बादल्या भरून स्टोव्हपासून ३ फुटांवर ठेवा, हॉपरमध्ये ओतणं तेवढ्यात होतं.

थंडीचा_पाहुणा:
ड्राइव्हवे खडीचा आहे. ट्रकवाला गॅरेजच्या आत आणून ठेवेल का?

दोन_बाय_दहा:
ट्रकमागे फोर्कलिफ्ट असेल तर दारापर्यंत येईल, आत जायचं की नाही ते दाराच्या उंचीवर. नुसता हातानं ओढायचा पॅलेट जॅक असेल तर खडीत त्याची चाकं रुततात आणि माल रस्त्याच्या कडेलाच उतरतो. ऑर्डर देताना हे विचारून घ्या, दाराची उंची मोजून सांगा, आणि पावसाचा दिवस असेल तर तारीख पुढे ढकला.