'डार्क'चा शेवट पाहिल्यावर तुमचं काय झालं?

२७ जून २०२०. मालिकेत याच तारखेला विंडन गावावर प्रलय येतो आणि नेटफ्लिक्सने तिसरा सीझनही नेमका याच दिवशी आणला. शनिवार होता, आपल्याकडे दुपारचे साडेबारा. बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेली ही काळप्रवासाची जर्मन गोष्ट २६व्या भागात संपली. योनास आणि मार्था पावसात एक गाडी थांबवतात, घड्याळजी तानहाऊसचा मुलगा, सून आणि नात अपघातातून वाचतात, आणि ज्या दोन जगांत आपण तीन सीझन राहिलो ती जगं विरून जातात, उरतं फक्त मूळ जग.

मला हा शेवट मनापासून पटला, आणि तरी नंतर कितीतरी दिवस रिकामं रिकामं वाटत राहिलं. ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती माणसं कधी नव्हतीच, असं ठरलं. मेलेल्या पात्रासाठी रडता येतं. यांच्यासाठी काय करायचं? तुम्हाला काय वाटलं, कुणासोबत पाहिलंत, कुणाशी भांडलात, सगळं सविस्तर लिहा. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं उघड आहे.

नाशिकहून

आम्ही तिघी बहिणींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर वंशावळ काढली होती. पानाला पान चिकटवत ती दिवाणभर झाली. लाल पेन योनासच्या जगाचं, निळं मार्थाच्या. शेवटच्या सीझनमध्ये तो ओठावर व्रण असलेला अनामिक, योनास आणि मार्थाचा मुलगा, आला, लहान, मोठा आणि म्हातारा असे तिन्ही एकत्र चालणारा, तेव्हा लाल-निळ्या दोन्ही रेषा त्याच्यापाशी येऊन मिळाल्या. त्याचा मुलगा ट्रोंटे, ट्रोंटेचा उलरिश, उलरिशचा मिकेल, मिकेलचा योनास. म्हणजे योनासचा मुलगाच योनासचा खापरपणजोबा! धाकटी तर पान हातात घेऊन घरभर फिरली.

मग मूळ जगातलं शेवटचं जेवणाचं टेबल आलं आणि आम्ही एकेक नाव खोडायला बसलो. अनामिक गेला की ट्रोंटे नाही, ट्रोंटे नाही तर उलरिश नाही, मार्था नाही, मिकेल नाही. उलरिशची बायको काथारीना टेबलावर आहे, पण तिची तिन्ही मुलं नाहीत. ती तिथे मजेत हसते आहे, ते मला बघवेना. वंशावळ मात्र अजून जपून ठेवली आहे.

कोल्हापूरहून

मी शेवटावर नाराज आहे, आजही. तानहाऊस पहिल्यापासून दुकानात बसलेला दिसतो हे कबूल. पण १९७१चा तो अपघात आणि १९८६ मध्ये त्याने सुरू केलेलं यंत्र हेच सगळ्याचं मूळ, हे आपल्याला अगदी शेवटी कळतं, तेही रेगीनाची आई क्लाउडिया अ‍ॅडमला, म्हणजे म्हाताऱ्या योनासला, सांगते म्हणून. दोन सीझन प्रेक्षकाला सुगावे शोधायला लावलेत, मग हा सुगावाही आधी हातात द्यायला हवा होता. दुसऱ्या सीझनचा शेवट यापेक्षा भारी होता: दारात दुसरी मार्था उभी आणि प्रश्न वेळेचा नाही, जगाचा आहे, हे एका वाक्यात उलगडतं. त्यावर मी आणि मित्र पहाटेपर्यंत बोलत होतो. तिसऱ्यानंतर फोनवर दोघंही गप्प.

सांगलीहून

वरच्या दादांचा आक्षेप समजतो. माझ्यासाठी मात्र तो अपघातच सगळी मालिका आहे.

त्या वर्षी मे महिन्यात माझा मोठा भाऊ गेला. सकाळी बापलेकांची खडाजंगी झाली होती, पोराच्या अ‍ॅडमिशनवरून, आणि दादा न जेवता गाडी काढून निघाला तो परत आला नाही. लॉकडाऊनमध्ये भाचा माझ्याकडेच होता. 'डार्क' त्यानेच लावलं, मी भाजी निवडत बसायचे आणि नावं विचारत राहायचे.

शेवटच्या भागात तानहाऊसचा मुलगा बापाशी भांडून बायको-पोरीला घेऊन पावसात निघतो. पुलाच्या अलीकडे ही दोघं आडवी येतात आणि गाडी मागे वळते. दार उघडतं, बाप-लेक एकमेकांना मिठी मारतात. भाच्याने तिथेच थांबवलं आणि स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "आत्या, पप्पा पण त्या दिवशी चिडूनच गेले होते ना?" तोवर त्याने त्या सकाळबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मी त्याला सांगितलं की दादाने रस्त्यातून मला फोन केला होता, आणि काय म्हणाला होता तेही सांगितलं: पोराचं बरोबर आहे, संध्याकाळी बोलतो त्याच्याशी. हे मला त्याला आधीच सांगायचं होतं, पण विषय कसा काढावा कळत नव्हतं. उरलेला भाग आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला.

बर्लिनहून

इथे विंडन प्रत्यक्षात सापडतं. शाळा म्हणजे बर्लिनमधली राइनफेल्डर शाळा, आणि दफनभूमीतलं लाकडी चर्च श्टान्सडॉर्फचं. मी ऑक्टोबरात गेलो होतो. ओल्या पानांचा वास आणि झाडांतून येणारा तो राखाडी उजेड मालिकेत आहे तसाच. ऑफिसमधल्या एक बाई चेर्नोबिलच्या वेळी, १९८६ मध्ये, लहान होत्या. पावसानंतर वाळूत खेळायला बंदी, रानातले मशरूम बंद, दूध विचारून घ्यायचं. विंडनच्या अणुभट्टीचे धुरांडे दिसले की त्यांच्या पोटात गोळा यायचा. भट्टीतलं ते प्रलय घडवणारं काळं द्रव्य शेवटी नाहीसं झालं, याचाच त्यांना सर्वांत मोठा दिलासा होता. १५ एप्रिल २०२३ ला जर्मनीच्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या, त्या दिवशी त्यांनी माझ्याजवळ पुन्हा विंडनची आठवण काढली.

साताऱ्याहून

मी भौतिकशास्त्र शिकवतो. मालिकेतलं ३३ वर्षांचं चक्र, म्हणजे दर ३३ वर्षांनी तेच पुन्हा घडणं, मुलांना फार आवडलं. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून तेहतीसेक वर्षांत फरक एका पूर्ण वर्षाचा होतो. हिजरी महिने म्हणूनच सगळ्या ऋतूंतून फिरतात. आपलं पंचांग हा फरक साठू देत नाही, साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालतं. २०२० मध्ये अधिक आश्विन होता, पितृपक्ष संपून महिन्याने नवरात्र बसलं. ऑनलाइन वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, विंडनच्या लोकांनी अधिक मास पाळला असता तर?" संपूर्ण तास त्यावरच गेला.

प्रलयाच्या क्षणी काळ निमिषभर थांबतो आणि दोन्ही शक्यता एकदम घडतात, ही पळवाट श्रोडिंगरच्या १९३५च्या विचारप्रयोगातल्या, एकाच वेळी जिवंत आणि मेलेल्या मांजरीवरून घेतली आहे. अणूंच्या पातळीवरचं हे गणित माणसांना लागू होत नाही, तरी कथेचे स्वतःचे नियम त्याने मोडत नाहीत, म्हणून मला ते मान्य आहे.

ठाण्याहून

पोलीस वोलरच्या डोळ्याला नेमकं काय झालं ते सांगितलं नाही, याबद्दल लेखकांना दंडवत! आमच्या घरी त्यावर अजून पैजा लागतात.

पणजीहून

त्या टेबलावर हाना, योनासची आई, पोटातल्या बाळाचं नाव योनास ठेवायचं म्हणते, म्हणून दोन जगांची ती गाठ पुन्हा बसणार, असं माझ्या बऱ्याच मैत्रिणींना वाटलं. तसं होऊ शकत नाही. मिकेलच नाही, तर हे बाळ तो योनास कसा असेल?

पण इतकं सगळं लिहून क्लाउडियाचं नाव नुसतं ओझरतं आलं. पोरीचा कर्करोग, तिचं मरण, हे पुन्हा पुन्हा सोसून ती बाई दोन्ही जगांत वाट शोधत राहिली, कारण रेगीनाचा बाप ट्रोंटे नव्हे, बेर्न्ड डॉप्लर, हे तिला कळलं होतं. रेगीना त्या गाठीत नव्हतीच. मूळ जगात ती जगणार होती. मी स्वतः आजारी मुलीची आई आहे. टेबलावर रेगीना धडधाकट बसलेली दिसली तेव्हा मी उठून टाळ्या वाजवल्या. योनास-मार्थाने गाडी अडवली खरी, पण त्यांना त्या रस्त्यावर पोचवायची वाट क्लाउडियाने शोधली, आणि शेवटाबद्दल बोलताना तिचं नाव आधी यायला हवं.