सहा रात्रींच्या अंदमान सुट्टीत स्कूबाचं ओपन वॉटर बसतं का?

बाळीवेस४१३
जानेवारीत सोलापूर–हैदराबाद रेल्वेने आणि तिथून विमानाने अंदमान. बेटांवर सहा रात्री. हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) पॅडी या डायव्हिंग संस्थेचं ओपन वॉटर (पहिल्या पायरीचं) सर्टिफिकेट करायचंय, फोटोपुरती बुडी नको. पोहणं विहिरीतलं, मान वर काढून. चष्मा उणे तीन. दिवस पुरतील का? इथूनच काय उरकून जावं? आणि नवखी माणसं नेमकी कुठे अडकतात?

होटगीरोड
पुरतील, पण हिशेब परतीच्या विमानापासून उलटा मांडा. बऱ्याच डाइव्ह झाल्यावर विमानात बसायला किमान १८ तास थांबावं लागतं, २४ धरलेले बरे. खोलवर दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरलेला असतो. केबिनमधला दाब कमी, त्यामुळे गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर बाटलीत जे होतं ते सांध्यांत होऊ शकतं.

पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून (श्रीविजयपुरम) फेरी. दुसरा-तिसरा दिवस उथळ पाण्यातल्या सरावाचा, त्याची पाच सत्रं असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी समुद्रात दोन-दोन डाइव्ह, खोली जास्तीत जास्त १८ मीटर. पाचव्या दिवशी दुपारपर्यंत शेवटची डाइव्ह उरकली की सहावा दिवस फेरीचा आणि सातव्या दिवशी विमान. यात मधे एक दिवस वाऱ्याने गेला तर संपलं, म्हणून नील बेट वगैरे या खेपेला विसरा.

सोलापुरातून तीन गोष्टी करून जा. ई-लर्निंग इथेच पूर्ण करा आणि परीक्षेची तयारीही (५० प्रश्न, ७५ टक्के हवेत). बेटावर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

दुसरं, मेडिकल फॉर्म आधी मागवून घ्या. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन अशा कशाला ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही लागू शकते. ती तिथे गेल्यावर शोधायची म्हणजे एक दिवस फुकट. फॉर्मवर खोटं ‘नाही’ मात्र लिहू नका. कान-नाक-घसावाल्यांकडून कानातला मळ तपासून घ्या.

तिसरं पोहणं. २०० मीटर न थांबता, वेळेची अट नाही, शैलीचीही नाही. २५ मीटरच्या तलावात आठ वेळा या टोकापासून त्या टोकाला. वर १० मिनिटं तरंगायचं. विहिरीत शिकलेल्याला तरंगणं सोपं, पण सलग अंतर कधी कापलेलं नसतं. महिनाभर तलावावर जा.

तळाशी_पाय
तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो. अडतं ते मास्क (डोळे-नाक झाकणारा) आणि कान या दोन ठिकाणी. सिलिंडर, बीसीडी (हवा भरायचं जाकीट), वेट बेल्ट (वजनाचा पट्टा) अंगवळणी पडतात.

मास्कमध्ये पाणी भरून ते बाहेर काढायचं, असा एक धडा असतो. पुढे मास्क पूर्ण काढून परत घालायचा. विहिरीत उडी मारताना नाक चिमटीत धरायची सवय इथे नडते, कारण नाकाला पाणी लागलं की माणूस नकळत नाकाने ओढतो, ठसका लागतो आणि तो वर पळायला बघतो. खरी रीत अशी: रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात देणारा भाग) तोंडाने श्वास घ्या, मास्कची वरची कड कपाळाशी बोटांनी दाबा, नाकाने सावकाश सोडायला लागा आणि सोडता सोडता नजर वर न्या. हवा वर साठते, पाणी खालच्या कडेने निघतं. सोडण्याआधीच मान वर केली की पाणी थेट नाकात.

याची तयारी सोलापुरातच होते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहा, मास्क न लावता फक्त स्नॉर्कल (श्वासाची नळी) तोंडात धरा, चेहरा पाण्यात घालून तीन मिनिटं तोंडाने श्वास. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत डोकं बाहेर येईल. रोज केलंत तर आठवड्यात नाक गप्प बसतं.

कानांचं गणित वेगळं. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका) वाढतो, पण हवेचं आकारमान निम्मं होतं ते पहिल्या १० मीटरमध्येच. म्हणून त्रास सुरुवातीच्या चार-पाच मीटरमध्ये. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, अर्ध्या-एका मीटरला एकदा, दुखायच्या आधी. दुखल्यावर जोर लावला तर कान-घशाला जोडणारी नळी आणखी मिटते. तेव्हा मीटरभर वर यायचं आणि पुन्हा करायचं.

वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटरवर भरलेली छाती रोखून वर आलात तर आतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटायला दीड-दोन मीटरही पुरतात. चढ सावकाश, मिनिटाला नऊ मीटर, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा.

चष्म्याचं सोपं आहे, नंबरची काच बसवलेले मास्क मिळतात. सेंटरला नंबर आधीच कळवा.

सातरस्ता
अंदमानचं वेळापत्रक इतकं ताणायचं नसेल तर पुण्यात थिअरी आणि तलावातला सराव उरका, रेफरल कागद (उरलेला कोर्स दुसरीकडे करण्यासाठीचा) घ्या आणि वर्षाच्या आत चार डाइव्ह बेटावर करा. मग दोनच दिवस लागतात.

तारकर्लीतही एमटीडीसीच्या संस्थेत शिकता येतं. मालवणात मात्र दर वेळी पाणी अंदमानसारखं स्वच्छ मिळेलच असं नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात: डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने आंबोलीमार्गे सोलापूरला निघणं. आंबोली साधारण ६९० मीटर उंच आहे. उंचीवर चढणं म्हणजे शरीराच्या लेखी छोटं विमानच. रात्र मालवणात काढा, बांगडा खा, सकाळी निघा.

बाळीवेस४१३
आभार. सर्दी झाली तर नाकात औषध मारून चालेल का?

तळाशी_पाय
नाही. औषधाचा असर पाण्यात असतानाच उतरला तर वर येताना अडकलेली हवा बाहेर पडत नाही, आणि तेव्हा खाली थांबूनही राहता येत नाही कारण सिलिंडरमध्ये हवा मोजकी. इन्स्ट्रक्टरला सांगा, दिवस बदलून घ्या. आणि मिशी असेल तर नाकाखालची एक पट्टी कातरून टाका, नाहीतर मास्कमध्ये पाणी झिरपत राहील.