आधी बुश बघा, मग अलाइनमेंट

दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही पुढचा डावा टायर आतल्या बाजूनेच घासतोय म्हणताय, तर तिसऱ्यांदा पैसे घालू नका. आमच्या २००९च्या हॅचबॅकची हीच रड होती. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी पिटवर घेतली, लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशपाशी, म्हणजे सांध्यातल्या रबरापाशी, टॉमी (लोखंडी दांडा) लावून जरा रेटलं, तर अख्खा आर्म मागेपुढे! रबर फाटून सुटलेलं. अशा वेळी मशीनवर उभ्या गाडीचे आकडे बरोबर येतात, पण ब्रेक मारला की चाक आपल्या मर्जीने वळतं.

घरी टायरवर आडवा हात फिरवून बघा (तार निघाली असेल तर हात नको, सरळ टायर बदला). एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं टोचलं, तर टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. जागोजागी खड्डे असतील तर शॉकअप गेलेत. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) नाहीतर बेअरिंग. फक्त डावी-उजवीकडे धरून हलवताना लागला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा).

आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेरचा कल) अ‍ॅडजस्ट होतच नाही, दुकानवाला फक्त टो बसवतो. अलाइनमेंटच्या आकड्यांचा आधीचा-नंतरचा प्रिंटआउट मागितलात का?