रात्री उशिरा जेवणाऱ्या घरात खाण्याच्या कोणत्या सवयी बदलाव्यात?

डोंबिवलीकर:
नमस्कार. माझ्या यजमानांच्या तपासणीत एचबीएवनसी (रक्तातील साखरेची सरासरी पातळी) 6.1 टक्के आले आहे. हा अद्याप मधुमेह नसून त्याच्या उंबरठ्यावरची अवस्था आहे, तेव्हा सध्या औषध न घेता खाणे सुधारा, रोज चाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आम्ही दोघेही सकाळी सातला घर सोडतो, फोर्टमधील कार्यालयातून परतायला साडेआठ वाजतात आणि जेवायला बसेपर्यंत साडेनऊ-दहा होतात. दुपारच्या डब्यात पोळी-भाजी, रात्री वरण-भात आणि भाजी असा आमचा क्रम आहे. दुपारी एकनंतर पोटात चहा-बिस्किटांखेरीज काही जात नसल्यामुळे संध्याकाळी सीएसएमटीला गाडी पकडण्याआधी यजमान बहुतेक रोज वडापाव खातात. स्वयंपाकाची निम्मी जबाबदारी सासूबाईंवर आहे, त्यामुळे एका माणसासाठी वेगळे रांधणे किंवा किनोआसारखे महागडे पदार्थ आणणे आम्हाला जमणार नाही. सगळ्या घराला चालतील आणि टिकतील अशा साध्या सवयी कोणी सुचवाल का?

गिरगावकर:
ताई, वेगळे रांधण्याची काहीच गरज नाही, कारण आपल्या नेहमीच्या ताटातील पदार्थ चांगलेच असतात आणि गडबड होते ती त्यांच्या प्रमाणात. सुरुवात वरणापासून करा. बहुतेक घरांत वरण इतके पातळ होते की वाटीभर वरणात डाळ चमचा-दोन चमचेच येते आणि पोट भरण्याचे काम भातावर पडते. डाळ दुप्पट घालून वरण घट्ट करा, भाजी दोन वाट्या वाढा आणि भात एकदाच, वाटीने मोजून वाढा. भाताचे पातेले जेवणाच्या जागी न आणता ओट्यावरच ठेवले, तर दुसऱ्यांदा घेण्याचे प्रमाण आपोआप कमी होते.

मोड आलेली कडधान्ये आठवड्यातून तीन-चार वेळा तरी डब्यात असावीत. मूग किंवा मटकी रात्री भिजत घालून सकाळी पाणी पूर्ण निथळून पंचात बांधून ठेवली, की आपल्या मुंबईच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत मोड डोकावू लागतात. मात्र एप्रिल-मे महिन्यांत ती तशीच रात्रभर बाहेर राहिली तर बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो, म्हणून उन्हाळ्यात मोड दिसताच ती फ्रिजमध्ये ठेवावीत. तेथे दोन-तीन दिवस चांगली राहतात. सकाळच्या घाईत कांदा, हिंग, हळद घालून परतली आणि एक वाफ आणली की दहा-पंधरा मिनिटांत उसळ तयार होते. वर लिंबू जरूर पिळावे, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. त्याच कारणासाठी जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोहाचे शोषण घटते.

ठाणेकर:
वडापाव बंद करा असे नुसते सांगून तो बंद होत नाही. दुपारी एक ते रात्री साडेनऊ हे अंतर कोणालाच पेलणारे नाही, म्हणून साडेपाचच्या सुमाराला खाण्यासाठी दुसरा छोटा डबा सोबत द्यावा. त्यात भाजलेले चणे आणि थोडे शेंगदाणे, उकडलेले अंडे किंवा एखादे पेरू असावे. कार्यालयातून निघण्याआधी हे खाल्ले तर स्थानकावरचा तळणाचा वास तितका ओढून घेत नाही. वडापावात मैद्याचा पाव, बटाटा आणि तळण हे तिन्ही एकत्र येतात, त्यामुळे तो महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी आवडीने खावा, पण रोजच्या भुकेचा उपाय म्हणून नको.

परळकर:
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वरच्या दोन्ही सूचना योग्य आहेत, त्यांत थोडी भर घालते.

जेवणाचा क्रम बदलून पाहा. आधी कोशिंबीर व भाजी, मग उसळ किंवा वरण आणि शेवटी भात-पोळी असे खाल्ल्यास जेवणानंतर रक्तातील साखर तुलनेने संथ वाढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्यानेही ती आटोक्यात राहण्यास मदत होते, आणि त्यासाठी इमारतीचे आवारसुद्धा पुरते.

दुसरा मुद्दा चहाचा, आणि माझ्या मते तुमच्या घरी सर्वांत मोठा फरक येथेच पडेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी, आणि शक्यतो 5 टक्क्यांहून कमी असावी. 2000 कॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे 50 आणि 25 ग्रॅम होते. दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेतले तर 30 ते 40 ग्रॅम साखर केवळ चहातूनच जाते, बिस्किटांची निराळी. ती एकदम बंद न करता दर आठवड्याला थोडी कमी करत गेलात तर जिभेला सवय होते. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातल्याने रक्तातील साखरेच्या दृष्टीने विशेष फायदा होत नाही, हेही सासूबाईंना आदराने समजावून सांगावे.

ज्वारी-नाचणीची भाकरी जरूर करा. तिच्यात चोथा अधिक असतो आणि 100 ग्रॅम नाचणीतून 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. तरीही भाकरी म्हणजे धान्यच आहे, तेव्हा ‘पौष्टिक आहे’ म्हणून तीन-तीन खाऊ नयेत.

डोंबिवलीकर:
सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका आहेत. सासूबाईंना रात्री भात नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही. तो पूर्ण बंद करावा का? आणि आमच्याकडे रविवारी मासे असतात, ते चालतील का?

परळकर:
भात बंद करू नका. संध्याकाळच्या डब्यामुळे रात्रीची भूक कमी होईलच, त्यामुळे एक वाटी भात, घट्ट वरण आणि भरपूर भाजी एवढे पुरेसे होईल. मासे अवश्य खा. बांगडा आणि तारली हे तुलनेने स्वस्त मासे असून त्यांतील ओमेगा-3 स्निग्धाम्ले हृदयाला हितकारक आहेत. फक्त रवा लावून भरपूर तेलात तळण्याऐवजी कालवण करावे किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजावेत. पावसाळ्यात जून-जुलैमध्ये मासेमारीबंदीमुळे ताजे मासे कमी आणि महाग मिळतात, तेव्हा अंडी व कडधान्ये वाढवावीत.

एचबीएवनसी ही मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी आहे, त्यामुळे दर आठवड्याला ती करून धास्तावू नका. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीनंतरच, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा करा.