"धंद्यासाठी वापरू नये" लिहिलं म्हणून डेबियन पॅकेज घेत नाही, काय करू?

विक्रोळीकर:
मंडळी, छपाईच्या जुन्या डीटीपी फॉन्टातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक प्रोग्रॅम मी दोन वर्षं रात्री जागून लिहिलाय, कोड सगळा उघडा आहे, लायसन्समध्ये मीच दोन ओळी टाकल्यात की शाळा, वाचनालयं आणि घरगुती वापराला मोफत, धंद्यासाठी वापरायचा नाही. आता डेबियन या मोफत लिनक्स सिस्टीममध्ये टाकायला गेलो तर म्हणतात मेन या मुख्य विभागात जाणार नाही. मी एक पैसा मागत नाही, मग अडचण कसली? कोणी फुकटात घेऊन विकू नये एवढंच माझं म्हणणं.

माटुंगारोड:
दादा, कोड दिसतो म्हणजे तो मुक्त झाला असं नाही. डेबियनची १९९७ ची नियमावली वाच, सहावा मुद्दा सरळ सांगतो की कुठल्या कामासाठी वापरायचं यावर बंधन चालणार नाही, आणि पहिलाच मुद्दा आहे की इतर सॉफ्टवेअरसोबत विकायला मनाई नको. तुझी अट गिरगावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याला लावून बघ, त्याच्याकडे जुन्या फॉन्टातल्या फाईलींचा ढीग पडलाय, खरी गरज त्यालाच आणि तोच धंदेवाला म्हणून बाहेर. फी घेणारी शाळा धंदा करते की नाही, हे कोण ठरवणार? डेबियनवरून उबंटू ही दुसरी सिस्टीम बनते, पुढे कोणी लॅपटॉपमध्ये टाकून विकतं, त्या प्रत्येकाला तुझी परवानगी मागायला लावता येत नाही. अशा बंधनवाल्या सॉफ्टवेअरसाठी नॉन-फ्री विभाग आहे, पण तो अधिकृत डेबियनचा भाग धरत नाहीत, आणि फेडोरा ही दुसरी लिनक्स तर असं लायसन्स घेतच नाही.

ठाणेसर्व्हर:
मोठ्यांनाही हेच झालंय. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१८ ला एसएसपीएल हे स्वतःचं लायसन्स आणलं, फेडोराने ते मुक्त नाही असं ठरवलं. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी हे मुक्त लायसन्स सोडलं आणि महिना संपायच्या आत लिनक्स फाउंडेशनकडे व्हॅल्की ही त्याची वेगळी मुक्त आवृत्ती उभी राहिली, मग मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या मुक्त लायसन्सचा पर्याय दिला. जेसन (JSON) या डेटा-फॉरमॅटच्या कोडच्या लायसन्समध्ये तर "चांगल्या कामासाठी वापरा, वाईटासाठी नको" एवढंच एक वाक्य जास्तीचं आहे, त्यावरही डेबियन अडलं. म्हणून स्वतःच्या मनाने लायसन्स लिहू नकोस रे. जीपीएल ३ हे तयार मुक्त लायसन्स लाव. विकता येईल, पण विकणाऱ्याला बदललेला कोडही गिऱ्हाईकाला द्यावा लागेल, तुला कोणी तुझं काम घेऊन कुलूप लावू नये असंच वाटतंय ना?

सायनची_मीनल:
तुझी कोडची रेपो उघडून बघितली, लायसन्सपेक्षा मोठा घोळ फॉन्टच्या फोल्डरमध्ये आहे. त्यातली जुनी टीटीएफ, म्हणजे फॉन्टची फाईल कोणाची, वाटायची परवानगी कुठाय? ती असताना तू जीपीएल लावलंस तरी पॅकेज अडकेल. मजकूर युनिकोडमध्ये बदलायला नुसती अक्षरांची टेबलं पुरतात, निकाल दाखवायला लोहित फॉन्ट घे, नाहीतर आपल्या मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता, दोन्ही ओएफएल या फॉन्टच्या मुक्त लायसन्सखाली आहेत. ओएफएलमध्ये फॉन्ट एकटा विकायला मनाई आहे, पण सॉफ्टवेअरसोबत चालतो, म्हणून ते डेबियनला चालतं.

विक्रोळीकर:
मीनलताई, बरं झालं बघितलंस, टीटीएफ आत्ताच काढली आणि लोहित जोडला. पत्रिकावाल्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, माझा मामा लालबागला तेच काम करायचा. जीपीएल ३ ठरलं, फक्त जोडाक्षरांची अर्धी टेबलं पनवेलच्या मित्राने केलीत, त्या कामावर हक्क त्याचाही आहे, म्हणून त्याला मेसेज टाकलाय, होकार आला की लायसन्सची फाईल बदलतो.